सातवं कडवं

“त्या बटणाला पुन्हा हात लावलास तर मी सरळ घरी जाईन,” मी म्हणालो.

थीरानं हात मागे घेतला आणि एप्रनच्या खिशात कोंबला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, शाळेच्या कार्यालयात चौतीस वर्षं काढलेली. गावातल्या निम्म्या माणसांचे दाखले तिच्या हातून निघाले होते. ती आता माझ्यासमोर चोरी पकडल्यासारखी उभी होती.

“बंद करून चालूच तर करत होते. तूच सांगतोस ना दर वेळी?”

“एकदा करायला सांगतो. कितीदा केलंस?”

“मोजलं नाही.”

“थीरा.”

“अकरा वेळा.”

मी डोक्याला हात लावला. स्क्रीनवर पांढरी टिंबं गोल गोल फिरत होती. मग ती थांबायची, स्क्रीन काळी व्हायची आणि पुन्हा टिंबं सुरू. अपग्रेड अर्ध्यात फसलं की असंच होतं. कॉम्प्युटर नव्यात पोचलेला नसतो आणि जुन्याकडे त्याला परतताही येत नाही. शनिवारची सकाळ होती, साडेआठ वाजले होते, आणि एक वाजता गावच्या सभागृहात थीराच्या बहिणीच्या, रिग्मोरच्या, लग्नाची पन्नास वर्षं साजरी होणार होती. त्या समारंभाचं गाणं या डब्यात अडकलं होतं.

आमच्याकडे गाण्याशिवाय समारंभ होत नाही. ओळखीची चाल घ्यायची, तिच्यावर माणसाचं सगळं आयुष्य बसवायचं, प्रती छापायच्या आणि जेवता जेवता सगळ्यांनी मिळून गायचं. पंचक्रोशीत अशी गाणी थीराच लिहिते. माझ्या निवृत्तीचंही तिनंच लिहिलं होतं. त्यात मी टेलिफोनच्या खांबावरून डबक्यात पडलो तो प्रसंग होता, जो मी कोणालाही सांगितला नव्हता.

“अपग्रेड सुरू कधी केलंस?”

“काल संध्याकाळी सातला. ‘आता करू की नंतर’ असं विचारत होता. म्हटलं, बिचारा महिनाभर विचारतोय.”

“बिघडलं कधी?”

“सव्वानऊला काळा पडला.”

“मग तेव्हाच मला फोन करायचा! रात्रभरात काहीतरी करता आलं असतं.”

“आस्गर, सव्वानऊ वाजले होते,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अचकटविचकट बोललो होतो.

नऊनंतर कोणाच्या घरी फोन करायचा नाही, हे आम्हाला चमचा धरायला शिकवतात तेव्हाच शिकवतात. मी अडतीस वर्षं टेलिफोनच्या तारा दुरुस्त केल्या. घड्याळात नऊ वाजले की एक्स्चेंजमध्ये कशी सामसूम व्हायची ते मी ऐकलेलं आहे. आता त्या तारा नाहीत, खांबही उपटून नेले. मी म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कॉम्प्युटर फुकटात दुरुस्त करतो आणि बदल्यात कॉफी पितो.

प्रिंटर काढला, स्कॅनर काढला, मागे खुपसलेली प्रत्येक वायर काढली. कधी कधी एखाद्या फालतू पेनड्राइव्हपायी सगळं अडतं. इथं तसं नव्हतं. तीनदा मुद्दाम मध्येच बंद केलं तेव्हा कुठे दुरुस्तीचा निळा मेनू आला. ‘जुन्या आवृत्तीकडे परत जा’ निवडलं. दहा मिनिटं चाक फिरलं आणि उत्तर आलं की परत जाता येत नाही. ‘आपोआप दुरुस्ती’ निवडली. वीस मिनिटं गेली आणि उत्तर आलं की दुरुस्ती करता येत नाही.

दर उत्तराला थीरा माझ्या खांद्यामागून मोठ्यानं वाचायची, शाळेत निकाल वाचून दाखवतात त्या आवाजात.

“वाचू नकोस. मला दिसतंय.”

“मग चेहरा असा का केलास?”

“चेहरा माझा जन्मापासून असाच आहे. कॉफी कर.”

ती गेली नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. “आस्गर, खरं सांग. गाणं गेलं का?”

“कॉम्प्युटर गेला. गाणं डिस्कवर आहे. कॉम्प्युटर सुरू न करताही मी ते पेनड्राइव्हवर उतरवून घेऊ शकतो, मग माझ्या लॅपटॉपवरून छापू. फक्त डिस्कला कुलूप आहे. अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली लागेल. तीन वर्षांपूर्वी हा घेतलास तेव्हा मी एक कागद छापून दिला होता, आठवतंय? जपून ठेव म्हणालो होतो.”

माझ्याकडे त्याची प्रत नव्हती. लोकांच्या किल्ल्या मी ठेवत नाही. लाइन दुरुस्त करताना लोकांचं बोलणं कानावर पडलं तरी ते ऐकायचं नाही, ही आमची शिस्त होती. या धंद्यातही ती मी पाळतो.

थीराकडे प्रत्येक कागदाची फाइल असते. म्हणून मी निर्धास्त होतो. पण ती उठली नाही. 

“ते सरकारचं पत्र आलं होतं ना,” ती हळूच म्हणाली. “बँकेच्या खात्यात शिरायला आकड्यांचं कार्ड असायचं, ते बंद झालं तेव्हा. आता फोनवरच सगळं, जुनं कार्ड नष्ट करा म्हणून.”

“बरं, मग?”

“मी नष्ट केलं. आणि म्हटलं, आकडे चोरांच्या हाती नकोतच. तर आकड्यांचे जे जे कागद होते...”

“थीरा!”

“कागद फाडायच्या मशीनमध्ये घातले.”

मी उठून खिडकीशी गेलो. बाहेर बीच नावाच्या झाडांना कोवळी पानं आली होती आणि शेजाऱ्यांनी समारंभाचा झेंडा वर चढवला होता. सरकारनं एक कार्ड फाडायला सांगावं आणि माणसानं कर्तव्य म्हणून अर्धं कपाट फाडावं, हे फक्त आमच्यातच होऊ शकतं. मला तिचा भयंकर राग आला होता. सव्वादहा झाले होते.

“आठवणीनं लिही,” मी पाठमोराच म्हणालो. “तूच लिहिलेलं आहे. कडवी किती?”

“सात. सहा होतील लिहून. सातवं नाही होणार.”

“का?”

“ते मी काल लिहिलं. तीन आठवडे लिहीत होते म्हण, किंवा नऊ वर्षं. काल एका दमात आलं. पुन्हा नाही येणार मला ते.”

त्या दोघी बहिणी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे गावाला माहीत होतं. आमंत्रणाचा लिफाफा थीरानं शेल्फवर उभा ठेवला होता आणि त्यावरचं अक्षर रिग्मोरच्या नवऱ्याचं, ओवेचं होतं. आता एवढ्या वर्षांनी बोलावलं आहे, तर हे गाणं म्हणजे तिची एकच संधी. तोंडानं जे बोलवत नाही ते आमच्याकडे साठ माणसांकडून गाऊन घेतात.

मी वळलो. “त्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्यास?”

थीरा ताडकन उठली. मग या वयाला शोभणार नाही अशा वेगानं जिना चढून गेली. वरून खोकी पडल्याचा आवाज आला. खाली आली तेव्हा तिच्या हातात वेताची टोपली होती आणि टोपलीत ईस्टरची रंगवलेली अंडी, कागदाच्या पट्ट्यांच्या गादीवर मांडलेली.

“दर वर्षी त्याच वापरते,” ती म्हणाली. “विकतचं गवत कशाला घ्यायचं?”

मला तिचे हात धरून नाचावंसं वाटलं. तिचं मशीन जुन्या पद्धतीचं होतं, कागदाच्या लांब लांब पट्ट्या काढणारं. हल्लीच्या मशीनसारखा भुगा केला असता तर खेळ तिथंच संपला असता. आम्ही अंडी उचलून भांड्यात ठेवली आणि पट्ट्या जेवणाच्या टेबलावर ओतल्या. बँकेचे कागद, कार्डाचे तुकडे, विम्याची पत्रं आणि माझा एक पानाचा कागद, सगळं एकत्र.

यात मात्र थीराचा हात कोणी धरू शकत नाही. तिनं दोन चष्मे एकावर एक चढवले आणि अक्षराच्या वळणावरून पट्ट्या वेगळ्या करत सुटली. माझ्या जाड बोटांना ते जमेना. मी फक्त ती देईल ती पट्टी चिकटपट्टीवर बसवत होतो. एकेका पट्टीवर दोन-दोन आकडे. वरच्या ओळींची अक्षरं जुळली की पट्टी बरोबर बसायची.

“आई गेली तेव्हा इथंच होती, या खोलीत,” मान वर न करता ती म्हणाली. “पलंग खिडकीखाली होता. ही घे, ही तिच्या डावीकडे.”

मी पट्टी बसवली.

“रात्री सव्वादहाला नर्स म्हणाली, श्वास बदललाय, कोणाला कळवायचं असेल तर कळवा. मी फोन उचललासुद्धा. मग म्हटलं, सव्वादहा. ती दोघं झोपली असतील. सकाळी सातला करू. ही उलटी आहे, फिरव. आई चारला गेली.”

बारा किलोमीटरवर रिग्मोरचं घर. गाडीनं पंधरा मिनिटं.

“आणि रिग्मोरला मी सांगितलं की फोन लागत नव्हता. लाइन बंद होती म्हणून. तिला ते खोटं आहे हे कळलं. उशीर झाला हे तिनं एक वेळ माफ केलं असतं. खोटं नाही केलं. तेच सातव्या कडव्यात आहे. ऐकतोयस ना?”

मी ऐकत होतो. माझ्या हातातली चिकटपट्टी माझ्याच अंगठ्याला गुंडाळली गेली होती.

नऊ वर्षांपूर्वी, माझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, दुकानात दुधाच्या कपाटापाशी रिग्मोरनं मला थांबवलं होतं. मंगळवारी रात्री थीराच्या घरची लाइन बंद होती का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, बघून सांगतो. ऑफिसात जाऊन नोंदवही काढली, त्या लाइनची रात्रीची चाचणी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून तिच्या दारात जाऊन सांगितलं की लाइन ठणठणीत होती. मला वाटलं, माझ्या खात्याच्या कामाबद्दल शंका आहे. ती नुसतं “धन्यवाद” म्हणाली आणि दार लावून घेतलं. ती असं का विचारते आहे, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मठ्ठ डोक्यात आला नाही. नंतर मात्र गावात कुजबुज झाली तेव्हा समजलं, आणि मी तो विषय मनातून हद्दपार केला.

“ऐकतोय,” मी म्हणालो. पुढं काही बोललो नाही. भित्रा होतो म्हणून बोललो नाही, दुसरं कारण नाही.

साडेअकराला ओळ उभी राहिली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मधली एक पट्टी मात्र कुठेच नव्हती. टोपली उलटी केली, झटकली, टेबलाखाली रांगलो. पट्टी नाही. चौथ्या गटाचा शेवटचा आकडा आणि पाचव्याचा पहिला, दोन्ही तिच्याबरोबर गेले होते.

“दोनच आकडे,” थीरा म्हणाली. “अंदाजानं घालू?”

“शंभर जोड्या होतात. दर वेळी अठ्ठेचाळीस आकडे टाइप करायचे. बारा वाजत आलेत.” मी खुर्चीत बसलो आणि तेव्हाच कॉम्प्युटरच्या वर्गात कधीतरी ऐकलेलं आठवलं. “थांब. यातल्या प्रत्येक गटाला अकरानं पूर्ण भाग जातो. चुकीचा आकडा लगेच पकडता यावा म्हणून तसं करतात.”

थीरानं दोन्ही चष्मे काढले. “हे तू मला आत्ता सांगतोस? मुलांचे ओळख क्रमांक मी तीस वर्षं अकरानंच तपासले. दे इकडे.”

तिनं मोडक्या गटाखाली पेन्सिल धरली. तीन, शून्य, सात, चार, नऊ, आणि शेवटची जागा रिकामी. “एक सोडून एक. तीन, सात, नऊ, एकोणीस. शून्य आणि चार, चार. वजा केले, पंधरा. अकरा गेले, उरले चार. चार आहे इथं.” श्वास न घेता पुढचा गट. रिकामी जागा, एक, आठ, दोन, सहा, पाच. ओठ हलले. “पाच. लिही, पाच.”

मी आकडे टाकू लागलो. ती वाचत होती, मी एकेक बोटानं दाबत होतो. चौथा गट स्क्रीननं निमूट घेतला. पाचवाही घेतला. आठव्या गटानंतर मी थांबलो. थीरानं माझ्या हातावरून हात घालून स्वतःच बटण दाबलं.

कुलूप उघडलं.

आम्ही ओरडलो नाही. तिनं फक्त माझी बाही घट्ट धरली. मी फोल्डर शोधला, ‘गाणी’ नावाचा. त्यात तीनशेच्या वर फाइली होत्या, अर्ध्या गावाचे वाढदिवस आणि लग्नं. सगळ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, लॅपटॉपला लावला आणि ‘रिग्मोर आणि ओवे’ उघडली. वाचायचं नाही म्हणून मी मान फिरवली.



“आस्गर,” ती म्हणाली. “बघ जरा.”

मी बघितलं. सहा कडवी होती. मग ‘७’ हा आकडा, त्यापुढे टिंब, आणि त्याखाली पांढरा कागद.

“काल लिहिल्यावर सेव्ह केलंस का?”

“त्यानं विचारलं, आता करू की नंतर. मी ‘आता’वर दाबलं.” तिनं दोन्ही तळहात टेबलावर टेकवले. “मला वाटलं, तो आधी माझं जपून ठेवेल. कोणाच्या घरात शिरताना माणूस पायपुसण्यावर पाय पुसतो ना, तसं.”

जे लिहून ठेवलंच नाही ते कुठल्याही किल्लीनं उघडत नाही. हे तिला सांगायची गरज नव्हती. मला रडू आलं, आणि म्हणून मी विनाकारण प्रिंटरची वायर काढून पुन्हा लावली.

“तो सात पुसून टाकू?” मी विचारलं.

ती स्क्रीनकडे बघत होती. “राहू दे. छाप.”

साठ प्रती निघायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात तिनं निळा पोशाख घातला आणि पट्ट्या पुन्हा टोपलीत भरून वर अंडी मांडली. गाडीत ती कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली. बीटच्या शेतांमधून रस्ता जात होता, आणि सभागृहाचं छप्पर दिसू लागलं तेव्हा मला गप्प बसवेना.

“रिग्मोरला सांगणारा मी होतो,” मी म्हणालो. “लाइन चालू होती म्हणून.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तिनं तुझं नाव घेतलं होतं.”

“आणि नऊ वर्षं मला घरात घेऊन कॉफी पाजलीस?”

“लाइन चालू होती, आस्गर,” ती म्हणाली. “तू वेगळं काय सांगणार होतास? पुढं बघून चालव.”

दारावर शेजाऱ्यांनी पहाटे बांधलेली हिरव्या फांद्यांची कमान होती आणि तिच्यात सोनेरी पन्नासचा आकडा. रिग्मोरनं थीराशी हात मिळवला, पाहुण्याशी मिळवतात तसा. थीराला जागा मिळाली ती सगळ्यात दूरच्या टेबलाच्या टोकाला. मी प्रती वाटल्या. पियानोवर फ्रोडे होता. त्याला सात कडवी असं आठवड्यापूर्वीच सांगितलेलं होतं.

पहिल्या कडव्यात ओवेची मोटारसायकल आली आणि लोक हसले. तिसऱ्यात रिग्मोरनं लग्नाच्या दिवशी करपवलेला केक आला. पाचव्यात मुलं. सहावं संपलं, आणि फ्रोडेनं सातव्याला हात घातला. साठ माणसांनी कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं. चाल एकटीच पुढं जात राहिली.

थीरा उभी राहिली. मी तिच्यापासून चार खुर्च्या सोडून बसलो होतो.

“फोन चालू होता,” ती म्हणाली. “मी केला नाही. सव्वादहा वाजले होते, तुम्ही झोपला असाल असं वाटलं. मग खोटं बोलले. सातव्या कडव्यात हे यमक जुळवून होतं. ते हरवलं.”

फ्रोडेची बोटं थांबली. आमच्याकडे भर समारंभात असं बोलत नाहीत. लोक ताटाकडे बघू लागले. ओवेनं बायकोच्या हातावर हात ठेवला, पण तिनं तो काढून घेतला.

“मी झोपले नव्हते,” रिग्मोर म्हणाली. “आईला बरं नाही हे माहीत होतं. मी फोनपाशी बसले होते. साडेअकरापर्यंत.”

“मग तू का नाही केलास?” थीरानं विचारलं. त्यात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

नऊ वर्षं रिग्मोरनं या प्रश्नाची वाट पाहिली असावी, किंवा तो कोणी विचारू नये म्हणून देवाला विनवलं असावं.

“दहा वाजून गेले होते,” ती म्हणाली.

मग मागच्या टेबलावर एका बाईनं नाक शिंकरलं, आणि फ्रोडेला काय वाटलं कोण जाणे, त्यानं ती चाल पुन्हा सुरुवातीपासून, अगदी हळू वाजवायला घेतली. ओवेनं कॉफी आणा म्हणून स्वयंपाकघराकडे हात केला.

रिग्मोर टेबलांच्या मधून चालत आली. माझ्या खिशातलं पेन तिनं न विचारता काढलं, थीराच्या हातातून गाण्याचा कागद घेतला आणि टेबलावर ठेवून तिथल्या तिथं लिहिलं. घरचा टेलिफोन तिनं कधीच काढून टाकला होता आणि मोबाइलचा नंबर थीराकडे नव्हता. सातच्या आकड्याखाली तिनं आपल्या नंबराचे आठही अंक लिहिले. जरा थांबली, आणि त्यांच्याखाली एक शब्द लिहिला: ‘केव्हाही’.

थीरानं दोन्ही चष्मे चढवून तो नंबर वाचला. मग कागदाची घडी न घालता तो पर्समध्ये उभा ठेवला. पर्स बंद होईना, म्हणून ती तशीच उघडी मांडीवर घेऊन बसली.